पाच नंबरची पानगळ

वैष्णवीने मॉन्ट्रियलच्या कंपनीशी आणखी दोन वर्षांचा करार केला, ही या गोष्टीची अखेर. सही झाली, सहीचा फोटो आला, त्या फोटोवर मी अंगठ्याचं चिन्हही टाकलं.

आता हे काही घडलेलंच नाही असं समजून पुढे जाऊ. मी गेले बारा दिवस तसंच समजून जेवतोय, झोपतोय, ऑफिसला जातोय. सवयीने जमतं.

तर, सप्टेंबर संपत आला होता आणि काहीही घडलेलं नव्हतं. वैष्णवीला तिकडे जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती आमच्याच सोसायटीतली. आम्ही ए विंग, ते बी विंग, तिसरा मजला. आमचा साखरपुडा झालेला नाही. पण तिची आई, म्हणजे मंजुषाकाकू, आमच्याकडे डब्यात अळूवडी पाठवते आणि आमची आई तो डबा रिकामा परत न करता त्यात शेंगदाण्याची चटणी भरते. घणसोलीत या व्यवहाराला जवळजवळ कायदेशीर दर्जा आहे.

तर तिच्याकडून एक खोका आला. आत करंगळीएवढ्या पाच बाटल्या. अत्तराची तेलं. तिथल्या एका दुकानाने खास पानगळीसाठी केलेली. एक नंबर सफरचंदाची बाग, दोन नंबर शेकोटी, तीन नंबर भोपळा, चार नंबर पावसात भिजलेली पानं आणि पाच नंबर 'जंगलातलं शेवटचं पान'. सोबत एक घडीचा कागद. त्यावर प्रत्येक तेलाचा वरचा वास, मधला वास आणि तळाचा वास असं सविस्तर वर्णन. आणि फोनवर वैष्णवीचा व्हॉइस मेसेज:

"विश्वा, ऐक. कंपनी दोन वर्षं वाढवून देतेय. एकतीस ऑक्टोबरपर्यंत हो की नाही सांगायचंय. त्याआधी मला एक करायचंय. रोज मी सकाळी साडेसातला हे लावणार, तेव्हा तुझ्याकडे पाच वाजलेले असतात, तू पण लाव. मग दहा मिनिटांनी, तासाने आणि तीन तासांनी काय वास येतो ते लिहून पाठव. तेल एकच असलं तरी प्रत्येकाच्या कातडीवर वेगळं होतं म्हणतात. मला सगळं आठवतं रे इथे. तुझं बोलणं, तुझं ते पाय ओढत चालणं. वास आठवत नाही. फोनवरून तेवढाच येत नाही ना."

आता कुठल्याही शहाण्या माणसाला यातून काय समजायचं ते समजलं असतं. मला समजलं ते असं, की आपली परीक्षा आहे आणि उत्तरपत्रिका सोबत जोडलेली आहे.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागद बनवतो. बंदरात कंटेनर येतो, त्यात काय आहे हे सरकारला लिहून द्यायचं असतं. ते आम्ही लिहितो. कंटेनर आम्ही कधीच पाहत नाही. पॅकिंग लिस्टवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं 'मालाचे वर्णन' या रकान्यात उतरवायचं, एवढंच. आमचे साहेब बाजीराव जगदाळे पहिल्या दिवशी म्हणाले होते, "लिस्टवर हत्ती लिहिलाय ना, मग हत्ती लिही. वास घेत बसू नको." पाच वर्षांत माझ्या एकाही कागदावर शंका निघालेली नाही. हे मी अभिमानाने सांगत असे.

एक ऑक्टोबरला ठीक पाच वाजता मी ऑफिसात डाव्या मनगटावर एक नंबर लावला. दहा मिनिटांनी कागदाप्रमाणे 'दव पडलेलं हिरवं सफरचंद' यायला हवं होतं. मला शाम्पू आला. तासाने, कंपनीच्या बसमध्ये, सफरचंदाच्या झाडाच्या सालीऐवजी काकडी आली. आठ वाजता घरी पोचून नाक लावलं, तर तळाशी चिकू होता. तोही डब्यात दोन दिवस विसरलेला.

मी फार खजील झालो. तिकडे एक मुलगी सफरचंदाच्या बागेत उभी आहे आणि इकडे तिच्यासाठी आपल्याजवळ चिकू. हे लिहिणार कसं? आपलाच माल खराब निघाला असं माणूस प्रेमात तरी कबूल करत नाही. मी कागद उघडला आणि उतरवलं: 'दव पडलेलं हिरवं सफरचंद, नंतर झाडाची साल, तळाशी थोडा मध.' तिचा निरोप आला, 'अगदी माझ्यासारखाच!' मी त्यावर एक हृदय पाठवलं आणि माझ्या कातडीवर इलाज करायचं ठरवलं. कागद तर पाठवून झाला होता. आता माल त्याच्याबरहुकूम करायचा, एवढंच उरलं होतं.

आपल्याकडे पानगळ नाही असं कोणी समजू नये. आमच्या गेटजवळ बदामाचं झाड आहे. पण ते आपल्या मर्जीने फेब्रुवारीत पानं गाळतं. ऑक्टोबरात घणसोलीत गळतो तो घाम. छत्तीस अंशांत थंडीतल्या बागेचा वास अंगावर टिकवणं म्हणजे काय, हे त्या दुकानवाल्यांना ठाऊक नसावं.

सल्ल्याला माणसं मिळायला वेळ लागला नाही. मंजुषाकाकू मुलतानी माती घेऊनच आल्या.

"अंगात उष्णता आहे तुझ्या. आणि काय रे, तिला लिहितोस ते चांगलं लिहितोस ना?"

"हो काकू."

"चांगलंच लिही. बाजारबिजार, घामबिम असलं काही लिहू नकोस. तिथे छान छान वास येतात म्हणे. तिला वाटायला नको, आपण परत कुठे चाललो." एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या हाताला स्वतः माती फासली. लेक परत यावी म्हणून त्या मातीच काय, काँक्रीटही फासायला तयार होत्या.

आईने लसूण बंद केला. लसणाशिवाय साताऱ्याकडच्या माणसाचं जेवण होतं का, हा प्रश्न आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीन दिवस रोज दोन्ही वेळेला विचारला.

दोन नंबरने मात्र सोसायटीला हात घातला. ही शेकोटी. माझ्या मनगटावर आधी कापूर, मग धूर आणि शेवटी पावसात भिजलेली फटाक्यांची माळ असा तिचा प्रवास झाला. त्या आठवड्यात मी घाईत ती बाटली जिन्यात पाडली. आमच्या भागात वास हा विनोदाचा विषय नाही. कारखान्यांचा पट्टा शेजारीच. हवेत जरा काही वेगळं आलं की लोक आधी खिडक्या लावतात आणि मग तक्रार. दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर एक्केचाळीस मेसेज पडले आणि आमचे चेअरमन हिरामणदादा पाटील दारात उभे राहिले. दादा घणसोली गावातले मूळचे. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्यांचं शेत होतं, आणि हे ते पार्किंगच्या भांडणात नेहमी सांगतात.

"कोनाच्या घरान काय जलतंय रं?"

"काही जळत नाही दादा. शेकोटीचं अत्तर आहे."

"शेकोटीचं? आनि लावतंस कनाला? होलीला धूर फुकट भेटतंय तो सोरून इकत घेतंस?" त्यांनी नाक धरून पूर्ण जिना हुंगला. "मी तक्रार दिली हाय वरती. आता तपासनी होनार."

वरती म्हणजे वासाच्या तक्रारी घेणारं एक कार्यालय. तिथून माणूस यायला तीन आठवडे लागतात, कारण वास तोवर निघून जातो आणि काम सोपं होतं.

तीन नंबर, भोपळा. हा लावल्याबरोबर दालचिनी आली, तासाने गूळ आला आणि आठ वाजता आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "घारगे कुणी तळलं?" कुणीच तळले नव्हते. ते माझ्या मनगटावर होते. तिने दोनदा हुंगलं, आत गेली आणि दुसऱ्या दिवशी खरंच लाल भोपळा आणून घारगे केले. मी चार खाल्ले. वैष्णवीला आईचे घारगे जीव की प्राण. आणि तरी मी तिला काय लिहिलं? 'मसाल्यात भाजलेला भोपळा, मेपलचा पाक, गवताच्या गंजीवरची संध्याकाळ.' मी आयुष्यात गंजीवर बसलेलो नाही.

चार नंबरला, म्हणजे भिजल्या पानांना, माझी कातडी सरळ गोणपाटाचा वास देऊ लागली. ओल्या गोणपाटाचा. आबांनी हुंगून निकाल दिला, "आरं, ही तर बटाट्याची पोती." आबा तुर्भ्याच्या बाजारात तेहतीस वर्षं माथाडी होते, त्यांच्यापुढे अपील नाही. पण ते माझ्या बाजूचे होते. म्हणाले, "थंडीचा माल हाय त्यो. उन्हात खराब हुनारच. थंडीत ठेवाय पायजे."

असा मी एका रविवारी आबांच्या जुन्या टोळीच्या ओळखीने सफरचंदांच्या शीतगृहात दाखल झालो. तापमान दोन अंश. अंगावर आबांची शाल, डोक्याला माकडटोपी. दारावरचा रखवालदार पासशिवाय आत सोडेना. पासवर मालाचं नाव लागतं. बरीच चर्चा होऊन त्याने लिहिलं, 'एक इसम, नग १, परत न्यायचा.' मी चार हजार पेट्यांमध्ये चाळीस मिनिटं बसलो. सगळीकडे सफरचंद, अंगावर काटा, तोंडातून वाफ, साक्षात मॉन्ट्रियल. मनगट नाकाशी नेलं. काहीही आलं नाही. नाक बंद झालं होतं. बाहेर पडल्यावर पुढचे तीन दिवस मला कशाचाच वास आला नाही, आणि वैष्णवीला मात्र मी तिन्ही दिवस 'भिजलेली पानं, ओली माती, तळाशी देवदार' न चुकता पाठवत होतो.

मग पाच नंबर आला. 'जंगलातलं शेवटचं पान.' सगळ्यांत महाग. कागदावर लिहिलं होतं, 'अतिशय सूक्ष्म. तुमच्या त्वचेशी हळू आवाजात बोलणारा.' मी लावला. दहा मिनिटं झाली, बोलला नाही. तास झाला. तीन तास झाले. सर्दी गेली होती, पण वास नाही तो नाहीच. मी समजलो की आपलं नाक त्या पातळीचं नाही. उंची गोष्ट कळली नाही की मध्यमवर्गीय माणूस आधी स्वतःवर शंका घेतो. आणि कागदावरून उतरवून काढलं: 'ओलं शेवाळ, मग जुनं लाकूड, तळाशी दूरच्या शेकोटीची राख.'

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला हिरामणदादा तपासणीची तारीख सांगायला आले. मी सवयीने मनगट पुढे केलं. आताशा मी नमस्काराआधी मनगटच पुढे करत असे. त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग चपला काढून आत येऊन बसले.

"यो कुठून आनलंस?"

"कॅनडाहून."

"येरा हाय का तू? यो तं भाताचे पेंढ्याचा वास. कापनी झाली का आय डोक्यावं भारा आनायची, तो. थोरा खारीचा पन हाय." खाडीच्या दिशेने त्यांनी हात केला. तिकडे आता सात मजली पार्किंग आहे. "आथंच व्हता आमचा शेत. तुज्या बाथरूमखाली."

त्यानंतर ते रोज आठला येऊ लागले. तक्रार मागे घेतो म्हणाले, पण वरती तक्रार देता येते, मागे घेता येत नाही. आबांनी चिडून विचारलं, ह्यांनाच कसा वास येतो? मग आबांनी स्वतः हुंगलं. "खळ्यावरची बाजरी हाय," म्हणाले. "आन्नानं मळायला धरलेली." अण्णा म्हणजे माझे आजोबा, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. मंजुषाकाकू आल्या. त्यांना वैष्णवीचं दप्तर आलं. सहामाही संपल्यावर ती दिवाळीच्या सुट्टीसाठी कोपऱ्यात फेकायची ते, खडू, लोणचं आणि खोडरबरासकट. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. त्या सोडेनात म्हणून दादा ताटकळले, आणि दोघांत रांगेवरून शब्दाला शब्द वाढला.

फक्त आई म्हणाली, "मला कसलाबी वास येत न्हाय बाबा. तुझाच येतोय. ल्हानपणी टाळूला यायचा त्योच." मी मनात म्हटलं, हिचंही नाक माझ्यावरच गेलंय.

तपासणीला आलेल्या अधिकारी प्रियदर्शिनी मॅडम माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांच्याजवळ छापील नमुना होता.

"उगम कारखाना, वाहन की इतर?"

"मनगट."

"इतर," त्यांनी लिहिलं. "उत्सर्जनाची वेळ?"

"सायंकाळी पाच ते आठ."

"चिमणीची उंची?"

"उभा राहिलो तर साडेपाच फूट. हात वर केला तर सात होईल."

"हात खाली ठेवा." त्यांनी कापसाच्या बोळ्याने मनगट पुसून बोळा बाटलीत घातला. मग नियमाप्रमाणे स्वतः हुंगलं. पेन खाली ठेवून पुन्हा हुंगलं. 'वासाचे वर्णन' या रकान्यावर त्या खूप वेळ थांबल्या.

"काय आलं?" दादांनी आशेने विचारलं.

"हे मला लिहिता येणार नाही," म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.

एकतीस तारीख आली. त्या संध्याकाळी मी पाच नंबरचे शेवटचे दोन थेंब लावले, शेवाळ, लाकूड आणि राख पाठवली आणि उत्तराची वाट पाहिली. उत्तरात सहीचा फोटो आला. अंगठ्याबद्दल मी वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा अहवाल आला. 'नमुन्यात वास आढळला नाही. निरंक. प्रकरण बंद.' दादा भडकले. "निरंक? माजा शेत निरंक?" मीही दुखावलो होतो. एका महिन्यात एक मुलगी आणि एक मनगट, दोन्हीकडून असा शेरा मिळावा म्हणजे फारच झालं. तेवढ्यात वैष्णवीचा फोन आला.

"विश्वा, दुकानातून मेल आलाय. पाच नंबरची खेप चुकून तशीच गेली. त्यात वास घातलाच नव्हता. नुसतं तेल."

"अच्छा," मी म्हणालो.

"मला वाटत होतं माझं नाक गेलं. म्हणून तुझे मेसेज वाचत बसायचे. शेवाळ, लाकूड, राख. कुठून आणलास हा वास?"

खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. "पॅकिंग लिस्टवरून."

"पाचही?"

"पाचही."

"आणि खरा काय यायचा?"

मग मी सांगितलं. शाम्पू, काकडी, डब्यातला चिकू. ती हसू लागली. भिजलेली फटाक्यांची माळ, तेव्हा तिने हसून हसून फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. घारग्यांपाशी मात्र ती हसायची थांबली.

"हे महिनाभर का नाही लिहिलंस?"

"तुझ्यासारखा यावा म्हणून."

"माझ्यासारखा मला इथे रोजच येतो, बावळटा. तुझे मेसेज वाचले की खिडकीबाहेर जो वास आहे तोच यायचा. मग मला वाटलं, इथलं आणि तिथलं एकच असेल तर परत जायचं कशासाठी? काल सही केली."

"बदलता येत नाही?"

"दोन वर्षं नाही."

मग मी तिला पाच नंबरचं सांगितलं. दादांचं भात, आबांची बाजरी, तिच्या आईचं दप्तर. नुसत्या तेलातून.

"विश्वा, मनगट फोनला लाव."

मी लावलं. ती थांबली, मीही थांबलो. सोफ्यावर दादा, आबा आणि काकू श्वास रोखून बसले होते.

"आला?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाच वाजता, लावायला काही नसताना, मी खालील अर्ज केला. पोच मिळाली आहे.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी, वास तक्रार विभाग.

विषय: डाव्या मनगटाचा वास हद्दीबाहेर जाऊ देण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आपण निरंक ठरवून बंद केलेले प्रकरण पुन्हा उघडण्यात यावे. अर्जदाराने माल प्रथमच स्वतः उघडून पाहिला असून वर्णन पुढीलप्रमाणे आहे: घाम, बसच्या आसनाचे रेक्झिन, कागदाची शाई, हात धुवूनही न गेलेला लसूण, आणि याखेरीज काही, जे अर्जदाराला स्वतःला येत नाही परंतु इतरांना येते. सध्या वारा खाडीकडून गावाकडे वाहतो. तो उलट दिशेने वळवून, सदर माल वाटेत कोठेही न उतरवता, मॉन्ट्रियल येथे स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेसातच्या आत, एका व्यक्तीच्या खिडकीपर्यंत पोचता करण्याचे आदेश संबंधितांना व्हावेत. मुदत: दोन वर्षे, रविवार धरून.

आदेश होईपर्यंत मनगट धुतले जाणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला विश्वासू,
विश्वजित बाबासो घोरपडे